रॅटच्या अंगावरची नक्षी ओळखताना या चुका टाळा

बर्कशायर, म्हणजे पांढऱ्या पोटाचा, म्हणून आणलेल्या पाळीव रॅटचे पोट उजेडात करडे निघते. हिमालयन, म्हणजे पांढऱ्या अंगावर गडद नाकाचे, म्हणून घेतलेले पिल्लू तीन महिन्यांचे झाले तरी पांढरेफटकच राहते. एकरंगी जोडीच्या पोटी टोपीवाली, म्हणजे हूडेड पिल्ले येतात. तिन्ही ठिकाणी चूक एकच असते: नाव ठेवायची घाई.

नक्षी वाचायची तर आधी ती बनते कशी, ते पाहू. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्यालगत तयार होतात आणि कातडीतून खाली पोटाकडे, पंजांकडे, शेपटीच्या टोकाकडे, कपाळाकडे सरकतात. त्या कमी पडल्या किंवा त्यांना उशीर झाला की सर्वांत लांबचा भाग कोरा राहतो. तो कोरा भाग म्हणजे नक्षीतला पांढरा. म्हणून पांढरा आधी छातीवर आणि पंजांवर दिसतो, मग पोटभर पसरतो, त्यानंतर कुशी मोकळ्या होतात, आणि शेवटी रंग फक्त डोक्यावर उरतो. आयरिश, बर्कशायर, हूडेड, कॅप्ड ही याच उतारावरची नावे आहेत.

केसाचे मूळ न पाहता पांढरा म्हणणे

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. अगूटी, म्हणजे रानटी उंदरासारख्या तपकिरी रॅटचे पोट मुळातच चंदेरी करडे असते आणि फोटोत ते पांढरे दिसते. रॅटला एका हाताने छातीखाली आणि दुसऱ्या हाताने ढुंगणाखाली आधार द्या. शेपटीला धरून कधीही उचलू नका, शेपटीची कातडी सोलून हातात येते. आता पोटावर हळूच फुंकर मारा. केस दुभंगले की बुंधा बघा. केस टोकाला चंदेरी पण मुळाशी पाटीसारखा गडद असेल, तर तो अगूटीचा नेहमीचा पोटरंग. टोकापासून मुळापर्यंत पांढरा आणि खालची कातडी गुलाबी असेल, तरच ती नक्षी. खऱ्या बर्कशायरमध्ये कुशीवर दोन रंगांची सीमा बोट ठेवून दाखवता येते.

हीच फुंकर इतर शंकाही मिटवते. काळ्या अंगभर सुटे पांढरे केस विखुरलेले असतील तर ते रुपेरीपण, ठिपके नव्हेत. काळा केस टोकाकडे लालसर झाला असेल तर तो विटलेला रंग आहे, केस बदलले की बऱ्याचदा जातो. वयात आलेल्या नराच्या पाठीवर केसांखाली नारिंगी, तेलकट पापुद्रे दिसतात. तो कातडीचा स्राव आहे. पांढऱ्या पंजांवर तांबूस डाग असतील तर डोळ्यांमागच्या ग्रंथीतला लाल स्राव तोंड पुसताना तिथे लागलेला असतो. असे डाग वाढत असतील तर नक्षीचा विषय बाजूला ठेवून श्वास आणि नाक तपासून घ्या.

चार वेगळ्या गोष्टी एका नावात कोंबणे

रंग, नक्षी, केसांचा पोत आणि कानांची ठेवण या चारही गोष्टी स्वतंत्र आहेत. डंबो हे कानांचे नाव, रेक्स हे कुरळ्या केसांचे. 'ब्लॅक हूडेड रेक्स डंबो' असे पूर्ण लिहिले की घोळ राहत नाही.

आयरिश या शब्दाशी मात्र जपून. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या नॅशनल फॅन्सी रॅट सोसायटीच्या मानकात आयरिश म्हणजे पुढच्या दोन पायांच्या मध्ये पांढरा त्रिकोण, आणि तो पोटाकडे ओघळलेला चालत नाही. अमेरिकी मानकात या त्रिकोणाला इंग्लिश आयरिश म्हणतात. तिथे नुसते आयरिश म्हटले की पोटावरचा पांढरा ठिपका समजतात. दुसऱ्या देशातल्या माणसाशी बोलताना नावाआधी वर्णन सांगावे.

हूडेडमध्ये डोके, गळा, छाती आणि खांदे रंगीत हवेत आणि तिथून शेपटीपर्यंत पाठीवर सलग पट्टा हवा. ब्रिटिश मानकात त्याची रुंदी साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर आहे. पट्टा अजिबात नसेल तर तो बेअरबॅक. तुटक पट्ट्याचा रॅट हूडेडच, फक्त प्रदर्शनात गुण जातात. कॅप्डमध्ये रंग कानांमागे जात नाही आणि खाली जबड्याच्या रेषेवर थांबतो.

चुकीच्या दिवशी पाहणे

जन्मतः पिल्ले गुलाबी असली तरी मिटलेल्या पापण्यांतून काळे डोळे कळतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कातडीवर रंग उतरतो, आणि नक्षी वाचायला याच्याइतकी चांगली वेळ पुन्हा येत नाही: टोपीची कड, पट्ट्यातला खंड, कपाळावरचा टिळा, सगळे नकाशासारखे स्वच्छ दिसते. आठवडाभरात लव आली की कडा धूसर होतात. म्हणून पाचव्या दिवशी प्रत्येक पिल्लाचे पाठ, पोट आणि दोन्ही कुशी असे चार फोटो घ्या आणि तारीख लिहा. आधी मादीला दुसरीकडे हलवा, हात घरट्यातल्या अंथरुणावर चोळा आणि पिल्ले दोन-तीन मिनिटांत परत उबेत ठेवा.

रंगपेशी न पोहोचल्याने झालेली नक्षी जन्मभर तशीच राहते. दोन प्रकार मात्र वयाबरोबर बदलतात, कारण त्यांच्यामागचे कारणच वेगळे आहे.

हिमालयन आणि सयामीजमध्ये रंगपेशी अंगभर असतात, पण रंग बनवणारे एन्झाइम उबेत नीट चालत नाही. त्यामुळे नाक, कान, पंजे आणि शेपूट हे थंड भागच गडद होतात. सयामीज पिल्लू आधी मळकट बदामी असते. हिमालयन पिल्लू जवळजवळ पांढरे असते, त्यामुळे लाल डोळ्यांचे पिल्लू हिमालयन की अल्बिनो (अंगात रंगच न बनणारे) हे दूधपित्या वयात ठरवू नका. दोन-अडीच महिने थांबा, नाकावर सावळी छटा आली तर हिमालयन. उकाड्यात ही छटा फिकी पडते, थंडीत गडद होते.

हस्की पिल्लू कपाळावर टिळा असलेल्या साध्या बर्कशायरसारखे दिसते. चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासून त्याच्यात पांढरे केस मिसळू लागतात आणि पुढे दर वेळी केस बदलताना ते अधिक फिकट होते. कातडीवर खपली, खाज किंवा टक्कल नसेल तर हा आजार समजू नका.

दिसते त्यावरून पैदाशीचे गणित मांडणे

हूडेडचा जीन अप्रभावी आहे, म्हणजे पुरती टोपी दिसायला त्याच्या दोन प्रती लागतात. एकच प्रत असलेला रॅट बहुतेकदा पोटावर किंवा पंजांवर थोडा पांढरा दाखवतो, कधी बोटांच्या टोकांपुरताच. अशांना सेल्फ, म्हणजे एकरंगी धरले की टोपीवाल्या पिल्लांचे आश्चर्य वाटते. अशा दोघांची जोडी लावली तर सरासरी चारांत एक एकरंगी, दोन पांढऱ्या पोटाची आणि एक हूडेड पडते.

अल्बिनोचा पांढरा सगळ्या नक्षीवर पांघरूण घालतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की अल्बिनोपणाचा बदल मूळात हूडेड रॅटमध्ये झाला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या रॅटखाली टोपीच दडलेली असते. दोन हिमालयन एकत्र केले तर चारांत एक सयामीज, दोन हिमालयन, एक अल्बिनो.

एका जोडीतून पट्टा सरळ होईल ही अपेक्षाही सोडा. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ विल्यम कॅसल यांनी हूडेड रॅटवर पिढ्यान्‌पिढ्या निवड करून एका शाखेत रंग वाढवत नेला, दुसरीत घटवत नेला आणि १९१४ मध्ये ते निष्कर्ष छापले. टोपी एका जीनमुळे येते, पण तिचा आकार अनेक लहान जीन मिळून ठरवतात.

टिळ्याच्या हौसेपायी आतडे विसरणे

ही चूक जीव घेते. रंगपेशी आणि आतड्याला हालचाल देणाऱ्या मज्जापेशी गर्भात एकाच ठिकाणाहून निघतात. पहिल्या पोहोचल्या नाहीत तर पांढरा दिसतो. दुसऱ्या पोहोचल्या नाहीत तर आतड्याचा शेवटचा भाग मळ पुढे ढकलत नाही आणि मेगाकोलन, म्हणजे मोठे आतडे तुंबून फुगण्याचा आजार होतो. डोक्यावर आणि अंगावर खूप पांढरा असलेल्या काही वंशांत हा धोका जास्त असतो. टिळा असलेला प्रत्येक रॅट आजारी नसतो, पण वंशाचा इतिहास विचारल्याशिवाय टिळ्यावर टिळा जोडू नये.

दूध सुटताना, म्हणजे तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात, अशा वंशातली पिल्ले रोज वजन करून पाहा. भावंडांपेक्षा वजन मागे पडणे, पोट फुगून घट्ट होणे, लेंड्या न पडणे किंवा शेंबडासारखी शी होणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. काहींत हा त्रास उशिराही उद्भवतो. असे एक पिल्लू निघाले तरी आई, बाप आणि सगळी भावंडे पैदाशीतून बाहेर काढा, आणि आधी दिलेली पिल्ले ज्यांच्याकडे गेली त्यांना फोन करून कळवा.