टीम स्पर्धा हातची का जाते? या चुका टाळा

मोबाईलवरच्या पझल गेममध्ये टीम स्पर्धा, म्हणजे सगळ्या सदस्यांचे गुण एकत्र धरून होणारी स्पर्धा, हरली की खापर ठरलेल्या ठिकाणी फुटतं: "आपल्यात तगडे प्लेअरच नाहीत." खरं तर बहुतेक टीममध्ये हजारो लेव्हल पार केलेले चार-पाच जण असतातच. बाकीच्यांच्या लाईफ (हरलं की कमी होणाऱ्या खेळायच्या संधी) रात्री वाया जातात, बक्षिसातली अनलिमिटेड लाईफ झोपेत संपते आणि शेवटच्या संध्याकाळी निम्मी टीम गायब असते. स्पर्धा जाते ती या हिशेबात.

उदाहरणं रॉयल मॅच आणि टून ब्लास्टची घेऊ, कारण सांगली-साताऱ्याकडच्या वाचकांनाही हीच नावं ओळखीची असतील. दोन्ही गेम इस्तंबूलचे. टून ब्लास्ट पीक कंपनीचा, २०१७ चा. पीकमधूनच बाहेर पडलेल्या मंडळींनी ड्रीम गेम्स काढली आणि २०२१ मध्ये रॉयल मॅच आणला. त्यामुळे दोन्हींचे नियम भावकीतले वाटतात: टीममध्ये जास्तीत जास्त ५० जण, ५ लाईफ, गेलेली एक लाईफ भरायला ३० मिनिटं, आणि टीमकडे लाईफ मागायची सोय दर ४ तासांनी.

लाईफचा हिशेब न करणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून इथं जरा थांबू. लेव्हल जिंकली तर लाईफ जात नाही, हरल्यावरच जाते. म्हणजे ५ लाईफ म्हणजे ५ डाव नव्हेत, ५ पराभव. सोप्या लेव्हलच्या पट्ट्यात एका लाईफवर दहा-बारा लेव्हल निघतात. हार्ड लेव्हल आली की अर्ध्या तासात पाचही उडतात.

लाईफ ५ झाल्या की भरणं थांबतं. पाचही शिल्लक ठेवून रात्री ८ तास झोपलात, तर त्या वेळात भरल्या असत्या अशा १६ लाईफ बुडाल्या. शून्यावर झोपलात तर अडीच तासांत ५ भरतात आणि बुडतात ११. म्हणून अडलेली हार्ड लेव्हल रात्री झोपण्याआधी खेळायची, सोप्या सकाळसाठी ठेवायच्या. रात्री हरलात तरी त्या लाईफ तशाही वायाच जाणार होत्या. फोन बाजूला ठेवायच्या आधी टीमकडे लाईफ मागून ठेवायच्या. रात्रपाळीवाले आणि पहाटे उठणारे त्या पाठवतात.

लाईफ मागण्यातही गोम आहे. ४ तासांचं घड्याळ मागितल्यापासून चालतं, मिळाल्यापासून नाही. दुपारी दोनला मागायच्या त्या संध्याकाळी सहाला मागितल्या, तर पुढची पाळी रात्री दहाला जाते. दिवसाला चार-पाच वेळा मागता आलं पाहिजे. सकाळी सहा, दहा, दोन, सहा, दहा असे गजर लावा, गंमत म्हणून नाही सांगत. चॅटमध्ये "दादा, लाईफ टाक की" म्हणून वेगळा मेसेज लिहायची गरज नाही, त्यानं मागणीचं बटण वर सरकतं आणि लोकांना दिसेनासं होतं.

अनलिमिटेड लाईफ चुकीच्या वेळी उघडणं

अर्धा तास किंवा तासभर अनलिमिटेड लाईफ मिळते, तिचं घड्याळ बक्षीस उचलताच सुरू होतं. भाजी फोडणीला टाकताना किंवा एसटी पकडताना बक्षिसाची पेटी उघडली की गेलीच म्हणायची. जिथं बक्षीस न उचलता ठेवता येतं, तिथं ठेवा आणि सलग बसता येईल तेव्हाच उघडा. काही इव्हेंट संपताना बक्षीस आपोआप खात्यात टाकतात. अशा वेळी इव्हेंटची उरलेली वेळ बघून आधीच मोकळं व्हायचं.

सलग विजय मोडणं

पहिल्या प्रयत्नात सलग जिंकत गेलं की पुढच्या लेव्हलच्या सुरुवातीलाच बूस्टर, म्हणजे लेव्हल सोपी करणाऱ्या मदतीच्या वस्तू, मिळतात. रॉयल मॅचमध्ये याला बटलर्स गिफ्ट म्हणतात, ते तीन टप्प्यांत वाढतं आणि एक हार झाली की शून्यावर. स्पर्धेत याचा फायदा फार मोठा आहे, कारण फुकटच्या बूस्टरवर लेव्हल लवकर संपते आणि तासाभरात जास्त लेव्हल होतात.

ही साखळी खेळ चुकल्यानं मोडते तशीच फोनमुळेही मोडते. ३ जीबी रॅमच्या फोनवर लेव्हल अर्धी सोडून रील बघायला गेलात की अँड्रॉइड गेम मागून बंद करून टाकतं. परत उघडल्यावर लाईफ गेलेली, साखळी तुटलेली. बॅटरी सेव्हरही हेच करतो. स्पर्धेच्या दिवसांत गेमला बॅटरीच्या सेटिंगमध्ये अनरिस्ट्रिक्टेड करा आणि लेव्हल संपल्याशिवाय दुसऱ्या ॲपमध्ये जाऊ नका. चुकून लेव्हल उघडलीच असेल तर पहिली चाल करायच्या आधी बाहेर पडा. बऱ्याच गेममध्ये तोवर लाईफ कापत नाहीत.

सलग विजयासाठी पैसे किंवा नाणी कधी घालायची? रॉयल मॅचमध्ये ५ जादा चालींना ९०० नाणी लागतात, आणि त्याच लेव्हलवर दुसऱ्यांदा घेतल्या तर भाव वाढतो. साखळी तिसऱ्या टप्प्यावर आहे आणि फक्त एक-दोन अडथळे उरलेत, तर घ्या. अर्धा बोर्ड बाकी असताना घेऊ नका. शेवटच्या तासात यूपीआयवर पैसे टाकून नाणी घेणं हा तर सरळ तोट्याचा धंदा, बक्षीस क्वचितच तेवढं असतं.

बोर्डवरची घाई

इथं फार सांगण्यासारखं नाही, एकच गोष्ट नीट बघा. रॉयल मॅचमध्ये एकाच रंगाचे ठोकळे जुळवून खास ठोकळे बनतात: चार सरळ जुळले की रॉकेट, चौकोनात चार जुळले की प्रोपेलर, एल किंवा टी आकारात पाच जुळले की टीएनटी, सरळ पाच जुळले की लाईट बॉल. लाईट बॉल मिळाला की लोक लगेच समोरच्या रंगावर फोडतात आणि एकाच रंगाचे ठोकळे साफ करून मोकळे होतात. तोच बॉल रॉकेट किंवा प्रोपेलरला लावला तर एका रंगाचे सगळे ठोकळे रॉकेट किंवा प्रोपेलर होतात. त्यामुळे बॉल तयार झाला की दोन-तीन चाली शेजारच्या खान्यात काहीतरी बनवण्यात घालवायच्या. मात्र बॉलखालचा ठोकळा जुळवलात तर बॉल खाली सरकून जोडीपासून लांब जातो, म्हणून तयारी बाजूच्या स्तंभात करायची. शेवटच्या दोन चालींत लांबच्या कोपऱ्यात अडथळ्यांचा गठ्ठा उरला तर प्रोपेलरला टीएनटी जोडा; प्रोपेलर ते तिथं नेऊन टाकतो.

टीम भरताना आकड्यावर जाणं

५० पैकी ५० जागा भरल्या म्हणजे टीम ताकदवान झाली असं होत नाही. २२ रोज खेळणारे आणि २८ झोपलेले असतील तर लाईफ देणारेही २२ च. सदस्यांच्या यादीत कुणी किती मदत केली ते दिसतं. एवढा आकडा बघून काढणं-ठेवणं ठरवा, लेव्हलवर जाऊ नका. ८००० व्या लेव्हलचा न खेळणारा माणूस ६०० व्या लेव्हलच्या रोज खेळणाऱ्या मुलीपेक्षा टीमला कमी कामाचा.

काढायचं ते स्पर्धा सुरू व्हायच्या आधी. मध्येच काढलं तर त्याचे गुण जातात की राहतात हे गेमप्रमाणे बदलतं, आणि नव्यानं आलेल्याचे गुण चालू स्पर्धेत धरलेच जातात असं नाही. स्पर्धेच्या पानावरची आय (i) अशी माहितीची खूण दाबली की हे लिहिलेलं असतं. हार्ड लेव्हलला जास्त गुण आहेत का, तेही तिथंच. ती खूण बहुतेक जण दाबत नाहीत.

दोन को-लीडर नेमा. लीडर लग्नाला गेला आणि फोन पिशवीत राहिला की तीन दिवस कुणाला काढता येत नाही की घेता येत नाही.

आपल्याकडचं वेळापत्रक न बघणं

गेमचं घड्याळ आपल्याकडचं नसतं. ग्रीनिचची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटे साडेपाच. स्क्रीनवर फक्त उरलेले तास दिसतात, आणि "दोन दिवस आहेत अजून" म्हणत लोक गाफील राहतात. पहिल्याच दिवशी उरलेले तास मोजून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वार आणि वेळ लिहून पिन करा.

मग माणसं वाटून घ्या. कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला जाणारा कधी मोकळा असतो ते त्यालाच विचारा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे असतात, तेव्हा तिथल्या माणसाकडून काही अपेक्षा ठेवू नका. ज्याच्या गावात या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची आहे, तो मोटार चालू करून जागाच असतो. लाईफ पाठवायला त्याच्यासारखा माणूस नाही. ऋषिपंचमीला तासगावचा रथ असतो, त्या दिवशी तिकडचे सदस्य धरायचे नाहीत. पुसेगावच्या यात्रेला माण-खटावचे. असा दिवस स्पर्धेच्या शेवटी येत असेल तर त्या लोकांनी आपला वाटा पहिल्या दिवशीच उरकायचा.

रेंजचंही तसंच. कासच्या पठारावर किंवा बामणोलीकडं निघालेल्यानं वाटेत खेळून गुण मिळतील या भरवशावर राहू नये. लेव्हल नेटशिवाय खेळता येते म्हणून ती स्पर्धेत धरली जातेच असं नाही. निघण्याआधी घरी एक लेव्हल विमान मोडवर खेळा, मग नेट चालू करून टीमचे गुण वाढले का ते बघा. दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

फोनची वेळ पुढं करणं

लाईफ भरण्यासाठी तारीख पुढं ढकलायची युक्ती अजून फिरते. वेळ परत जागेवर आणली की गेम पुढची लाईफ भरायला कित्येक तास दाखवतो, कारण त्याच्या लेखी शेवटची लाईफ भविष्यात भरलेली असते. ऐन स्पर्धेत असं अडकलात तर सरळ बाहेर. अडकलाच असाल तर तारीख-वेळ ऑटोमॅटिक करून नेट चालू ठेवा आणि थांबा, पुन्हा पुढं-मागं करू नका. गेम काढून परत टाकणं त्याहून वाईट. खातं गुगल, फेसबुक किंवा ॲपल आयडीला जोडलेलं नसेल तर लेव्हल, नाणी, टीम सगळं जातं. जोडलेलं असलं तरी एकच खातं एकाच वेळी दोन फोनवर उघडू नका. कुठल्या फोनची प्रगती ठेवायची असं विचारतो आणि चुकीचं बटण दाबलं की दिवसभराचे गुण पुसले.

स्पर्धेच्या आदल्या रात्री प्ले स्टोअरवर अपडेट बघा, फोनमध्ये एक-दीड जीबी जागा मोकळी ठेवा. जुन्या आवृत्तीत कधीकधी इव्हेंटच दिसत नाही. आणि निकाल लागल्यावर प्रत्येकानं पेटी उचलेपर्यंत कुणाला काढू नका, कुणी टीमही सोडू नका.