कव्हर लेटर कुठे लिहायचं आणि कुठे नाही

कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं हमखास विचारतात, ‘कव्हर लेटर, म्हणजे रेझ्युमेसोबतचं पत्र, कोणी वाचतं का?’ पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत भरतीचे अर्ज माझ्याकडे येतात. मी वाचतो. पण सगळीकडे ते वाचलं जात नाही, म्हणून अर्ज नक्की कोणाच्या हातात पडणार हे आधी बघावं.

टीसीएसची एनक्यूटी ही भरतीची परीक्षा, कॅम्पस भरती किंवा हजारोंनी अर्ज येणारी पोर्टलं, इथे मार्क, पास झाल्याचं वर्ष आणि स्किल्स यांवरच पहिली चाळणी लागते. तिथे पत्रासाठी रात्र जागवू नका, ती परीक्षेच्या तयारीला द्या.

लहान कंपनी, सामाजिक संस्था किंवा संशोधन प्रयोगशाळेतली प्रोजेक्टची जागा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बहुतेकदा मेल करायचा असतो आणि मेलचा मजकूर हेच तुमचं पत्र. रिकाम्या मेलला नुसता रेझ्युमे जोडून पाठवणारे खूप असतात. त्याहून वाईट म्हणजे आतमध्ये दुसऱ्याच कंपनीचं नाव राहिलेलं असतं. ‘मी मेहनती आणि टीम प्लेअर आहे’ छापाची, एआयकडून लिहून घेतलेली पत्रं तर एकसारखीच दिसतात, पुढे वाचवत नाहीत.

रेझ्युमे बघून वाचणाऱ्याला जो प्रश्न पडणार, त्याचं उत्तर पत्रात द्या. शिक्षणात गॅप का? मेकॅनिकल करून सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये का यायचंय? नागपूर सोडून पुण्यात यायची तयारी आहे का? चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम केलेल्या एका मुलीने आम्हाला मोजक्या ओळी लिहिल्या होत्या. तपासणीत तिला कोणता दोष वारंवार सापडायचा, त्याची नोंद ठेवायला तिने एक्सेलमध्ये मॅक्रो (काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) कसा लिहिला, त्यातून सेलेनियम हे टेस्टिंगचं टूल कसं शिकली, आणि खाली तिचा कोड ठेवलेल्या गिटहबची लिंक. तिच्या रेझ्युमेत ‘मेकॅनिकल’ एवढंच ठळक होतं. पत्र नसतं तर आम्ही तो बाजूला ठेवला असता. मुलाखतीला आम्ही तिला लगेच बोलावलं.

जर्मनीत मास्टर्स करून तिथेच नोकरी शोधणारी आपली मुलंही बरीच आहेत. तिथे ‘आन्श्राइबन’ म्हणजे तारीख, विषय आणि खाली नाव असलेलं रीतसर एकपानी पत्र, आणि कित्येक कंपन्या ते अजून मागतात. मात्र डॉइचे बान या रेल्वे कंपनीने 2018 मध्ये प्रशिक्षणार्थींच्या अर्जांतून त्याची अट काढून टाकली. म्हणून तिथेही जाहिरात नीट वाचा. मागितलं असेल तर टाळू नका.

आपल्याकडे मेलला दीडशे शब्द पुष्कळ झाले. विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि तुमचं नाव लिहा. रेझ्युमे पीडीएफमध्ये जोडा आणि कधीपासून रुजू होऊ शकाल तेही शेवटी सांगा, कारण नाहीतर आम्हाला ते विचारायला पुन्हा मेल करावा लागतो.