बैठ्या फेकीची फ्रेम बेळगावातच बनवून घेताना

शर्यतीची व्हीलचेअर घ्यायची तर बहुतेक वेळा परदेशी कंपनीकडेच जावं लागतं. फेकीच्या फ्रेमचं, म्हणजे अपंग खेळाडू जिच्यावर बसून फेकतो त्या जमिनीला बांधलेल्या बैठकीचं, तसं नाही. गोळा, थाळी किंवा भाला बसून फेकणाऱ्या खेळाडूसाठी (अपंगत्वानुसार ठरलेले एफ-३१ ते ३४ आणि एफ-५१ ते ५७ हे वर्ग) बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे औद्योगिक वसाहतीतला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर आंतरराष्ट्रीय नियमांत बसणारी फ्रेम करून देऊ शकतो. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये होकाटो सेमा यांनी एफ-५७ गोळाफेकीत १४.६५ मीटरवर कांस्य मिळवलं, तेही फ्रेमवर बसूनच. मात्र वेल्डरला नियम माहीत नसतात. ते आपणच कागदावर लिहून न्यायचे.

सगळ्यात जास्त घोळ उंचीत होतो. जमिनीपासून बैठकीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत ७५ सेंमीची मर्यादा आहे आणि त्यात गादीही धरतात. वेल्डर ७० सेंमीवर लोखंड संपवतो, त्यावर १८ मिमीचं प्लायवूड आणि ५ सेंमीची गादी आली की उंची ७६.८ होते आणि तपासणीत फ्रेम बाद होते. लोखंड ६७ सेंमीवर थांबवा, म्हणजे एकूण ७३.८ भरेल. बैठक सपाट किंवा मागे उतरती चालते, पुढे उतरती चालत नाही. मागे उतार दिलात तर माप पुढच्या, म्हणजे उंच कडेला घ्या. बैठक चौरस किंवा आयताकृती हवी आणि प्रत्येक बाजू निदान ३० सेंमीची.

माप खेळाडूला कडक बाकावर बसवून घ्यायचं. पाठीपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंतची लांबी म्हणजे बैठकीची खोली. फेक पूर्ण होईपर्यंत गुडघ्याच्या मागच्या बाजूपासून नितंबापर्यंत पाय बैठकीला टेकलेले राहिले पाहिजेत, म्हणून बैठक आखूड करून चालत नाही. जास्त लांब केली तर कडा खोबणीत रुतते आणि कंबर पुढे सरकते. पुढची कडा गोल करून घ्या.

सांगाड्याला ४० बाय ४० मिमी, २ मिमी जाडीचा चौकोनी एमएस (माइल्ड स्टील) पाइप पुरतो. त्याचं वजन मीटरला सव्वादोन ते अडीच किलो भरतं, म्हणजे १० मीटरच्या सांगाड्याचं २४ किलोच्या आसपास. जाड पाइप घातला की फ्रेम मजबूत होते खरी, पण विमानाला ती जड जाते. बऱ्याच विमान कंपन्या एका नगाला २३ किलोच धरतात. त्यामुळे वेल्डिंग दोन भागांत ठेवा, जोड सगळे एम-१२ बोल्टचे करा आणि १९ नंबरचे दोन पाने फ्रेमलाच बांधून ठेवा. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरूला कंठीरवा स्टेडियमवर जायचं असलं तरी दोन भागच सोयीचे. जोडलेली पूर्ण फ्रेम २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात मावते का, ते खडूनं वर्तुळ आखून पाहा.

धरायचा दांडा गोल किंवा चौकोनी छेदाचा, सरळ, उभा आणि एकाच तुकड्याचा लागतो. त्यात स्प्रिंग किंवा सांधा नको. पकडीसाठी टेप गुंडाळलेली चालते. उजव्या हातानं फेकणाऱ्याला दांडा डावीकडे पुढे लागतो. नेमकी जागा वेल्डिंगच्या आधी ठरवा: दांडा क्लॅम्पनं धरा, चारपाच फेकी करून बघा, कोपर किंचित वाकलेलं राहतं का ते पाहा आणि मगच दांडा बसवायचं सॉकेट पक्कं करा. सॉकेट ढिलं झालं की दांडा खेळायला लागतो. फेकताना फ्रेमचा कुठलाही भाग हलता कामा नये, म्हणून सॉकेटला आरपार दोन बोल्ट घाला. एकाच बोल्टवर दांडा फिरतो.

मांड्या बांधायला सायकलची ट्यूब सर्रास वापरतात. ती ताणते, म्हणून नियमबाह्य. गाडीच्या सीटबेल्टचा ५० मिमी पट्टा घ्या आणि बैठकीच्या खालून आणून मांडीवर दोन ठिकाणी आवळा: एक कमरेजवळ, एक गुडघ्याच्या वर. कमरेजवळचा ढिला राहिला तर गोळा सुटताना नितंब उचललं जातं आणि फेक फाऊल होते. मोबाइल बैठकीच्या उंचीला बाजूनं ठेवून चित्रण करा. समोरून ही उचल दिसतच नाही.

मणक्याच्या दुखापतीमुळे ज्यांना मांड्यांत संवेदना नाही, त्यांच्याबाबत डोळ्यात तेल घालून लक्ष द्या. एप्रिलच्या उन्हात उघडं लोखंड कातडी भाजतं आणि त्यांना कळतही नाही. कडा, बोल्टची डोकी आणि वेल्डिंगचे थेंब घासून फोम-रेक्झिननं मढवा. सरावानंतर आरशात कातडी बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर तो जाईपर्यंत फ्रेमवर बसू नये. मणक्याला छातीच्या मध्यावर किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्याचं डोकं अचानक ठणकलं आणि चेहऱ्याला घाम सुटला तर ताबडतोब पट्टे सोडा, त्याला ताठ बसवा, लघवीची नळी मुडपली आहे का पाहा आणि तरीही थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठा.

फ्रेम जमिनीला बांधायला चारही कोपऱ्यांत हुक आणि लॉरीवाल्यांकडचे रॅचेट पट्टे घ्या. बेळगाव-खानापूरच्या जांभ्या मातीत १६ मिमी सळईचे ६० सेंमीचे खुंटे तिरपे ठोकले की बसतात. चिकोडी-निपाणीच्या काळ्या रानात पावसाळ्यात तेच खुंटे उपटून येतात, तिथे काँक्रीटचे ठोकळे पुरून त्यात हुक सोडावे लागतात. पट्टे कर्णात आवळा, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा, मग उरलेले दोन. फेक सुटताना ताण मागच्या पट्ट्यांवर येतो, म्हणून जे पट्टे नवे असतील ते मागे लावा.

सराव स्पर्धेच्याच वजनानं करा. एफ-५५ ते ५७ मध्ये पुरुषांचा गोळा ४ किलो, थाळी १ किलो, भाला ६०० ग्रॅम. महिलांचा गोळा ३ किलो, थाळी १ किलो, भाला ५०० ग्रॅम. एकाच खेळाडूच्या फेकी लागोपाठ होतात, प्रत्येकीला एक मिनिट. सरावातही तसंच फेका, नाहीतर चौथ्या फेकीला खांदा गळतो.

वर्ग मात्र यूडीआयडीवरच्या (सरकारी अपंगत्व ओळखपत्रावरच्या) टक्क्यांवरून ठरत नाही. तो वर्गीकरण तपासणीत ठरतो आणि आंतरराष्ट्रीय तपासणी वेगळी होते. डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय फॉर्म आणि एमआरआय अहवाल सोबत ठेवा. बेळगावच्या खेळाडूनं नोंदणी कर्नाटकातून करायची. आधार, पासपोर्ट आणि यूडीआयडीवर नाव एकाच स्पेलिंगमध्ये आहे ना, हे आधीच तपासा. आपल्याकडे एका कागदावर कन्नड वळणाचं आणि दुसऱ्यावर मराठी वळणाचं आडनाव हमखास निघतं आणि अर्ज परत येतो.