फाइल पोहोचली, हे ठरवायचे कोणी?

मीडिया फाइल्स एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर पाठवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ही नेहमीचीच कॉपी आहे, फक्त आकार मोठा, अशी माझी समजूत होती. ती मोडायला एकच फाइल पुरेशी ठरली.

सुमारे ४० जीबीचा एक व्हिडिओ मुख्य सर्व्हरवरून मधल्या सर्व्हरवर येत होता आणि तिथून तो आणखी तीन सर्व्हरांवर जायचा होता. मधल्या सर्व्हरवर मी एक स्क्रिप्ट लिहून ठेवली होती: फाइलचा आकार ३० सेकंद बदलला नाही, तर ती पूर्ण आली असे समजून पुढे पाठवायची. त्या दिवशी नेटवर्क मिनिटभर अडखळले. पाठवणारे साधन अंतिम नावानेच थेट फाइल लिहीत असल्यामुळे स्क्रिप्टला अर्धवट आणि पूर्ण यांतला फरक कळण्याचा काही मार्गच नव्हता. तिने अर्धवट फाइलचा चेकसम (आतल्या बाइटांवरून निघणारा, फाइल पडताळण्याचा आकडा) काढला, फाइल पुढे पाठवली, आणि तिन्ही ठिकाणचे चेकसम तंतोतंत जुळले. जुळणारच होते, कारण चुकीच्या फाइलची प्रत अगदी बरोबर झाली होती. मी स्वतः पहिली दोन मिनिटे पाहून ‘ठीक आहे’ असे कळवलेही. एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची सूची असते. वेबसाठी तयार केलेल्या फाइलीत ती सुरुवातीलाच ठेवतात, त्यामुळे तुटलेली फाइलही व्यवस्थित सुरू होते, पूर्ण कालावधी दाखवते आणि बाइट संपतात तिथे गुपचूप थांबते.

तेव्हापासून मी तीन गोष्टी सोडत नाही. चेकसम काढायचा तो मूळ सर्व्हरवर, आणि तो फाइलसोबत शेवटपर्यंत न्यायचा. फाइल उतरवायची ती तात्पुरत्या नावाने. पडताळणी झाल्यावरच तिला अंतिम नाव द्यायचे, आणि तात्पुरती जागा त्याच फाइल सिस्टिमवर ठेवायची. त्याच फाइल सिस्टिमवर नाव बदलणे ही एका क्षणात होणारी, अर्धवट न राहणारी क्रिया असते. दुसऱ्या डिस्कवर हलवले की ती पुन्हा कॉपीच होते आणि मूळ दुखणे परत येते.

१९९६ साली आलेले आरसिंक, म्हणजे दोन ठिकाणच्या फाइल्स एकसारख्या करणारे साधन, अजूनही या कामातले पहिले साधन आहे आणि नवख्याने तेच आधी शिकावे. ते मुळात तात्पुरत्या नावानेच लिहिते. मात्र फाइल बदलली आहे का, हे ते एरवी फक्त आकार आणि बदलाची वेळ पाहून ठरवते. दोन्ही सारखे असतील तर आतला मजकूर न वाचताच पुढे जाते. बदललेला भागच पाठवण्याची त्याची ख्याती आहे, पण नव्याने एन्कोड केलेल्या व्हिडिओत जवळजवळ सगळेच बाइट बदललेले असतात, त्यामुळे तिथे त्या बचतीवर वेळेचा अंदाज बांधू नये. मूळ ठिकाणी नसलेल्या फाइल्स पलीकडे पुसून टाकण्याचा पर्याय तर मी डिस्क माउंट झाली आहे, म्हणजे फोल्डरशी जोडली गेली आहे, याची खात्री करूनच वापरतो. माउंट न झालेले फोल्डर आरसिंकला नुसते रिकामे दिसते, आणि मग पलीकडचेही रिकामे होते.

वेगाचे गणित कागदावर सोपे आहे. १ जीबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी, म्हणजे १ टीबीला किमान सुमारे सव्वादोन तास. प्रत्यक्षात अंतर आडवे येते. पोचपावतीला २०० मिलिसेकंद लागत असतील आणि टीसीपीची (नेटवर्कवर डेटा पोहोचवणाऱ्या नियमांची) विंडो, म्हणजे पोचपावतीची वाट न पाहता पाठवता येणारा डेटा, ६४ केबीवर अडकली असेल, तर लाइन कितीही रुंद असली तरी एका जोडणीतून सेकंदाला साधारण ३२० केबीच जातात. आजच्या प्रणाली विंडो आपोआप वाढवतात, पण बफरची (डेटा तात्पुरता ठेवण्याच्या जागेची) मर्यादा कमी असली की हीच तक्रार पुन्हा येते. अशा वेळी जास्त बँडविड्थ विकत घेण्याआधी बफर तपासावेत, समांतर जोडण्या लावून पाहाव्यात.

प्रकाशनाचा क्रमही महत्त्वाचा. एचएलएस या स्ट्रीमिंगच्या पद्धतीत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे असतात आणि त्यांची यादी वेगळ्या प्लेलिस्ट फाइलीत असते. तुकडे सर्वत्र पोहोचल्यावरच प्लेलिस्ट पाठवावी, नाहीतर प्लेअर न आलेला तुकडा मागतो आणि अडतो. दुरुस्त केलेली फाइल जुन्याच नावाने टाकू नये, कारण वाटेतल्या कॅश (प्रती साठवून ठेवणाऱ्या जागा) जुनी प्रत देत राहतात. नावात चेकसमचा अंश घातला की हा प्रश्न उद्भवत नाही.

शिकायला मोठी यंत्रणा लागत नाही. दोन व्हर्च्युअल मशीन (एकाच संगणकातले आभासी संगणक) उभ्या कराव्यात, लिनक्समधल्या नेटएम या संथ नेटवर्कची नक्कल करणाऱ्या साधनाने दोघांमध्ये १०० मिलिसेकंदांचा उशीर घालावा, मोठी फाइल पाठवायला सुरुवात करावी आणि निम्म्यात जोडणी तोडावी. मग पलीकडच्या फोल्डरमध्ये कोणत्या नावाने, किती बाइट उरले आहेत ते पाहावे, आणि आपली स्क्रिप्ट त्याला काय समजते तेही.