काल्पनिक जगातल्या देशांची नाणी कशी ठरवायची

फॅन्टसी गोष्ट लिहिताय ना, मग सगळ्या देशांत एकच 'सोन्याचं नाणं' नका चालवू बघा, लई खटकतं ते. आधी त्या देशात काय मिळतं ते ठरवा. डोंगरात खाण असेल तर सोनं, किनाऱ्यावर व्यापाराची चांदी, गरीब गावात तांबं नाहीतर सरळ धान्य. आकार पण गोलच पाहिजे असं काय नाही, आदिलशाहीत वाकवलेल्या चांदीच्या तारेचं लारी नावाचं नाणं चालायचंच की.

नाव लोकांच्या तोंडातलं घ्या. आपला होन कन्नड होन्नु म्हणजे सोनं यावरनं आलाय, आणि शिवाजी महाराजांनी होन सोन्याचा आणि शिवराई तांब्याची पाडली, म्हणजे मोठा व्यवहार वेगळा आणि बाजारहाट वेगळा.

हिशोब थोडा अवघडच ठेवा. १९५७ च्या आधी आपल्याकडं १ रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै होते, दहाच्या पटीत नव्हतं काय.

खरी मजा सीमेवर, हे आपल्या बेळगावकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. डोंगरी राज्यात १ सोन्याला १० चांदी आणि किनाऱ्यावर १५ मिळत असेल, तर व्यापारी सोनं तिकडं नेणार, चांदी घेऊन परत येणार, मग राजा नाक्यावर झडती लावणार, चोरवाटा निघणार, आणि मधल्या गावातला सराफ दोन्ही भाषा बोलत, नाणं कसाला लावून, म्हणजे घासून शुद्ध आहे का बघून, बट्टा, म्हणजे नाणं बदलून द्यायची कमाई, कापून घेणार. त्या सराफालाच पात्र करा, कथा आपोआप पुढं सरकते.