तोर्तुगेरोला कासवांच्या कामासाठी जाताना: सहा महिने आधीपासूनची तयारी

तारीख ठरवताना आधी कासवांचे वेळापत्रक बघा, मग विमानभाडे. कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या तोर्तुगेरोत हिरव्या कासवांची वीण साधारण जून ते ऑक्टोबर चालते आणि जुलै ते सप्टेंबर त्यांची गर्दी असते. लेदरबॅक कासवे मार्च ते जूनमध्ये येतात, पण थोडीच. राहणे किमान तीन आठवड्यांचे धरा. पहिल्या काही रात्री शिकण्यातच जातात, त्यामुळे एका आठवड्यासाठी आलेला स्वयंसेवक हाताशी येतो न येतो तोच परत निघतो आणि त्याला शिकवण्यात गेलेला स्थानिक माणसांचा वेळ वाया जातो.

जुलैत जायचे असेल तर तयारी जानेवारीत सुरू होते. तेव्हा कोकणात ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांचा हंगाम चालू असतो, आणि याहून चांगली पूर्वपरीक्षा नाही. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने 2002 मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम सुरू केले. तिथे गावातल्याच घरी राहा, कासवमित्रांना (घरट्यांची राखण करणाऱ्या गावकऱ्यांना) विचारून पहाटेच्या गस्तीला जा आणि मऊ वाळूत चार-पाच किलोमीटर चालून बघा. गुडघे आणि पोटऱ्या काय म्हणतात ते तिथेच कळेल. एक फरक लक्षात असू द्या. वेळासला अंडी उचलून कुंपणातल्या उबवणी केंद्रात नेतात, तर तोर्तुगेरोत घरटी बहुतेक जागच्या जागी राहतात. म्हणून तिथे पिल्ले हाताळण्यापेक्षा मोजणी आणि नोंदीचे काम जास्त असते.

संस्था निवडताना तीन प्रश्न लेखी विचारा. गस्तीचे प्रमुख स्थानिक आहेत का? गोळा झालेली माहिती कोण वापरते? स्वयंसेवक आले नाहीत तर काम बंद पडते का? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर जरा थांबा, कारण तिथे कासवांपेक्षा तुमच्या शुल्कावर डोळा असू शकतो. पिल्ले हातात घेऊन फोटो काढण्याचे आमिष दाखवणारी संस्था सरळ वगळा. तोर्तुगेरोत आर्ची कार या अमेरिकन कासव-अभ्यासकांनी 1955 मध्ये काम सुरू केले, 1959 मध्ये त्यातून संस्था उभी राहिली आणि 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान कायद्याने पक्के झाले. इतक्या वर्षांच्या सलग नोंदी जगात फार थोड्या किनाऱ्यांच्या आहेत. तुमच्या हातून गेलेला चुकीचा आकडाही त्याच मालिकेत जाऊन बसतो.

शाळेत शिकवण्याचे काम जोडून मिळत असेल तर पोलिस पडताळणीचा दाखला मागतात का ते पाहा. पासपोर्ट सेवेतून तो आपल्याकडे मिळतो. कोणतीही चौकशी न करता मुले तुमच्या ताब्यात देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. अनाथाश्रमातली अल्पकाळाची कामे तर नकोतच. दर महिन्याला नवा चेहरा येऊन निघून जातो, आणि ते मुलांच्या मनाला जड जाते. त्यापेक्षा गावातल्या होतकरू गाइडांबरोबर रोज तासभर इंग्रजी बोलणे जास्त उपयोगी आहे. एके काळी कासवाच्या मांस-अंड्यांवर जगलेले हे गाव आज पर्यटनावर चालते आणि इंग्रजी येणाऱ्या गाइडला जास्त काम मिळते. तुम्हीही शंभरापर्यंतचे आकडे आणि दिशांचे शब्द स्पॅनिशमध्ये पाठ करा. अंधारात नोंदी बोलून सांगतात, तेव्हा ते लागतात.

व्हिसाचे काम चार महिने आधी हातात घ्या. कोस्टा रिकाचा दूतावास नवी दिल्लीत आहे. स्वयंसेवेला कोणत्या प्रकारचा व्हिसा चालतो ते संस्थेकडून आणि दूतावासाकडून, दोन्हीकडून विचारून घ्या. बरेच जण फसतात ते वाटेतल्या विमानतळावर: अमेरिकेतून नुसते विमान बदलायचे असले तरी भारतीय पासपोर्टला अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि काही युरोपीय देशांतही विमानतळ-व्हिसा लागतो. त्यामुळे मार्ग ठरल्याशिवाय तिकीट काढू नका. धनुर्वात, हेपटायटिस ए आणि टायफॉइडच्या लशींबद्दल डॉक्टरांना निघण्याच्या दीड-दोन महिने आधी भेटा. विम्यात रुग्णाला बोटीने हलवण्याचा खर्च धरलाय का ते वाचा. गावाला रस्ताच नाही. राजधानी सान होसेहून कारियारीमार्गे ला पाव्होना, तिथून बोट.

सामानात सर्वात जास्त विचार कपड्यांचा आणि दिव्याचा करा. काळे किंवा गडद निळे पूर्ण बाह्यांचे दोन-तीन शर्ट, तशाच दोन लांब पँट. खाकी किंवा राखाडी चालत नाही, चांदण्यात ते उठून दिसतात. रेनकोट गडद आणि न सळसळणारा हवा. पाऊस वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यामुळे जाड सुती कपडे वाळतच नाहीत; पातळ आणि लवकर वाळणारे घ्या. बूट बंद हवेत, कारण किनाऱ्यावर ओंडके असतात आणि रात्री ते दिसत नाहीत. डोक्यावरचा दिवा लाल उजेडाचा घ्या, पण दुकानातच बटण दाबून बघा. पुष्कळ दिवे आधी पांढरे लागतात, मग लाल होतात. पाण्यातून वर येणाऱ्या मादीला तो एक पांढरा झोत पुरतो; अंडी न घालता ती परत फिरते. मनगटावरचे स्मार्ट घड्याळही खोलीतच ठेवा, हात हलला की ते उजळते. वीज 120 व्होल्टची असते आणि प्लगच्या पिना चपट्या, म्हणून अडॅप्टर न्या.

गस्त रात्री आठ ते बारा किंवा बारा ते चार अशी असते. दुपारी झोपायची सवय निघण्याच्या आठवडाभर आधी लावा. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, हे ध्यानात घ्या. निघताना डासांचे मलम हातांना लावू नका, ते अंड्यांना लागते. पायांना आणि मानेला लावून हात धुवा. वाळूत कासवाची वाट उमटलेली दिसली की प्रमुख पुढे जातो आणि बाकीचे जागच्या जागी बसतात. खड्डा खणत असताना मादी बुजरी असते. अंडी पडू लागली की ती सहसा उठत नाही आणि मोजणी तेव्हाच होते: हातमोजा घातलेला हात खाली, दुसऱ्या हातात मोजणीचे यंत्र. सरासरी शंभराच्या वर अंडी असतात. मधेच बोललात तर आकडा चुकतो, मग अंदाजाने भरू नका, ‘मोजणी अपूर्ण’ असेच लिहा. पाठीची लांबी फितीने तीनदा घेतात, कारण कवचावर चिकटलेल्या शिंपल्यांवरून फीत गेली की माप वाढते. कासवाच्या ओळखीचा क्रमांक असलेला बिल्ला अंडी घालून झाल्यावर लावतात, त्याचा क्रमांक दोघांनी वाचायचा. 3 आणि 8 ची गफलत इथेच होते. आणि किनाऱ्यावर एकट्याने फिरू नका. मोठी कासवे खायला इथे जॅग्वार येतात.

घरट्यांतून पिल्ले साधारण दोन महिन्यांनी बाहेर पडतात. त्यानंतर घरटे उकरून टरफले आणि न फुटलेली अंडी वेगळी मोजतात. वास भयंकर येतो. नाकाला लावायला थोडे बाम जवळ ठेवा, पण हातमोजे घालण्यापूर्वी लावा.

जेवणाची चिंता शाकाहाऱ्यांनी फार करू नये, भात आणि काळ्या घेवड्याची उसळ तिथे रोजचीच. सोबत कोरडी चटणी आणि मीठ-साखरेची पाकिटे पुरतात. बिया आणि ताजी फळे नेऊ नका. छोट्या नोटांत कोलोन (तिथले चलन) जवळ ठेवा, कारण गाइडचे पैसे आणि गावातला फराळ रोखीने चालतो, आणि तोच पैसा गावात राहतो.

परत निघण्याच्या दोन दिवस आधी तुमच्या वहीतल्या नोंदी प्रमुखाबरोबर बसून ताडून पाहा. अस्पष्ट अक्षर तेव्हाच सोडवता येते, तुम्ही गेल्यावर कोणाला विचारणार? जास्तीचे दिवे हवेत का ते विचारून तिथेच ठेवा. वापरलेल्या बॅटऱ्या मात्र पिशवीत भरून बरोबर आणा, गावातून कचरा बाहेर जायला बोटीशिवाय वाट नाही.