मसाई माराला जाताय? आधी बॅगेचं वजन करा, हॉटेल नंतर

सफारी ठरली की सगळे आधी कॅम्पचे फोटो बघत बसतात, मग नैरोबीचं तिकीट, आणि बॅग भरायची शेवटच्या रात्री. माझं म्हणणं, हे सगळं उलटं करा. ट्रिपमधलं सगळ्यात छोटं विमान कुठलं ते बघा आणि तिथून मागे मागे या.

केनियात मोठं विमान उतरतं जोमो केन्याटा एअरपोर्टला, पण माराची छोटी विमानं सुटतात विल्सनवरून. हा वेगळा एअरपोर्ट आहे, मधे टॅक्सी आणि नैरोबीचं ट्रॅफिक. सकाळी उतरून त्याच सकाळचं छोटं विमान पकडू असं डोक्यात असेल तर काढून टाका. इमिग्रेशनची लाइन, बेल्टवर बॅगची वाट, आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असली की पुढचं विमान चुकलं तर कोणी विचारत नाही. एक रात्र नैरोबीत काढा, बॅग मागे राहिलीच तरी ती यायला तेवढाच वेळ मिळतो.

आणि मारात धावपट्टी एकच नाहीये हं! कीकोरोक, ओल किओंबो, मुसियारा, किचवा टेम्बो अशा बऱ्याच आहेत, बहुतेक मातीच्या, आणि विमान एसटीसारखं थांबे घेत जातं. तुमच्या कॅम्पला कुठली जवळ ते कॅम्पलाच विचारा आणि मगच तिकीट काढा, कारण मधे मारा नदी आहे, चुकीच्या बाजूला उतरलात तर पुढचे काही तास जीपमध्येच. विमान थांबलं की आपलंच ठिकाण आहे ना ते पायलटला विचारून मगच उतरा, लाजू नका.

आता बॅग. लिमिट साधारण १५ किलो, आणि त्यात हँडबॅग, कॅमेरा सगळं आलं. बॅग मऊ पाहिजे, शक्यतो चाकं नकोत, कारण सामान विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात दाबून बसवतात आणि कडक ट्रॉली तिथे वाकत नाही. आमच्या दादाने ऐकलं नाही, चकचकीत ट्रॉली घेऊन आला. विल्सनच्या काट्यावर १९ किलो! मग तिथेच फरशीवर बसून कपडे वहिनीच्या कापडी पिशवीत कोंबले, ट्रॉली तिथेच ठेवायला दिली, आणि पुढचे चार दिवस माणूस एका स्वेटरवर. ठरवूनच जादा सामान नैरोबीच्या हॉटेलात ठेवा, परतताना घ्या. मोठ्या लेन्सवाल्यांनी जादा वजनाचे पैसे भरता येतात का ते आधीच विचारा.

कपडे तीन जोड पुरतात, बहुतेक कॅम्पमध्ये धुऊन देतात, फक्त आतले कपडे बरेच ठिकाणी घेत नाहीत, तेव्हा साबणाची वडी ठेवा. गडद निळा आणि काळा नको, त्सेत्से माश्या त्या रंगांवर येतात. जाड जॅकेट मात्र हवंच, मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास आहे, पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात (जॅकेट अंगात घाला, तेवढंच बॅगेतलं वजन कमी). प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, कपडे त्यात गुंडाळून नेऊ नका. ड्रोन घरी. पॉवरबँक मोठ्या विमानात केबिनमध्येच. यलो फीव्हरची लस घेणार असाल तर सर्टिफिकेट १० दिवसांनी लागू होतं, तेव्हा आदल्या आठवड्यात पळापळ करून उपयोग नाही.

राहायचं कुठे यात खरा पैशाचा खेळ आहे. मारा रिझर्व्हची (म्हणजे मुख्य राखीव जंगलाची) एंट्री परदेशी माणसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, दर दिवसाला, आणि तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. गेटबाहेरचा कॅम्प स्वस्त दिसतो पण जितके दिवस आत जाल तितकी तिकिटं. आत राहिलात तर शेवटच्या दिवशी सकाळी १० च्या आत बाहेर पडा, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे. रात्रीची सफारी करायची असेल तर नाबोइशो, मारा नॉर्थ यांसारख्या कॉन्झर्व्हन्सीत (रिझर्व्हबाहेरची, मसाई लोकांच्या जमिनीवरची राखीव जंगलं) राहा, रिझर्व्हमध्ये ती चालत नाही. महाग पडतं, पण गाड्यांची गर्दी कमी.

बुक करताना हे विचाराच: गरम पाणी कधी असतं, चार्जिंग तंबूत आहे की फक्त जेवायच्या जागी, आणि कॅम्पला कुंपण आहे का. बऱ्याच ठिकाणी नसतं, अंधार पडल्यावर मसाई रखवालदार तंबूपर्यंत सोडायला येतो, त्याच्याशिवाय निघायचं नाही. तंबूची चेन पूर्ण, म्हणजे अगदी खालपर्यंत लावा. आम्ही वीतभर उघडी ठेवली, दुपारी परत येतो तर माकड पलंगावर बसून बिस्किटाचा पुडा सोलतंय, आणि आम्हाला बघून हललंसुद्धा नाही.

परतीचं छोटं विमान किती वाजता ते आदल्या संध्याकाळी कॅम्पकडून पुन्हा कन्फर्म करा, वेळा बदलतात. आणि मोठं विमान रात्रीचंच घ्या, म्हणजे वाटेत हॉटेलातलं सामान उचलायला वेळ राहतो.